सहा माता, सहा चौकटी: नाशकातल्या एका छपाई-फ्रेमच्या दुकानाविषयी

माझ्या रविवारच्या चित्रकलेच्या वर्गाची मागची भिंत बरीच वर्षे मोकळी होती. इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना स्मरणचित्रातली रचना समजावून देताना फळ्यावर नुसते त्रिकोण आणि वर्तुळे काढण्याचा मला कंटाळा आला, आणि ज्या चित्रांत हे त्रिकोण आणि ही वर्तुळे खरोखर कामाला लावलेली आहेत अशी सहा चित्रे त्या भिंतीवर लावावीत असे मी ठरवले. तुलना करता यावी म्हणून विषय एकच ठेवला: इटलीच्या प्रबोधनकाळातील मरिया आणि बाळ येशू. चित्रांच्या मोठ्या फाइली मी स्वतः मिळवल्या आणि मेन रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका दुकानाकडे छपाई आणि फ्रेम अशी दोन्ही कामे सोपवली. खाली छपाईचे यंत्र आणि वर पोटमाळ्यावर फ्रेमकाम, अशी तिथली व्यवस्था आहे. हे परीक्षण त्या कामाचे आहे. दुकानाचे नाव देत नाही, कारण जे दोष पुढे सांगणार आहे ते फोटो छापणाऱ्या कोणत्याही दुकानात घडू शकतील असे आहेत, आणि जो गुण सांगणार आहे तो दुकानाचा कमी आणि तिथल्या एका कारागिराचा अधिक आहे.

दुकानाचा रोजचा धंदा म्हणजे लग्नाचे अल्बम, पहिल्या वाढदिवसाचे फलक, दिवंगतांचे फोटो आणि देवादिकांच्या तसबिरी. मी काउंटरवर फाइली उघडून दाखवल्या तेव्हा तरुण मालकाने पहिला प्रश्न विचारला तो असा: "बाई, फेब्रुवारीच्या यात्रेसाठी का?" नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला सगळ्या धर्मांचे लोक जातात आणि त्या सुमारास मुकुट घातलेल्या बाळ येशूच्या तसबिरी या दुकानातही बनतात, त्यामुळे प्रश्न गैर नव्हता. परंतु त्या तसबिरीत बाळ एकटा, मधोमध, समोर पाहत उभा असतो. चारी बाजूंनी बोटभर कापले तरी दर्शनात उणे येत नाही. मी नेलेल्या चित्रांत कडेची बोटभर जागासुद्धा चित्रकाराने मोजून ठेवलेली आहे. हे काउंटरवर सांगायचे माझ्याकडून राहून गेले, आणि पहिला घोटाळा तिथूनच सुरू झाला.

तो घोटाळा राफाएलच्या गोल्डफिंच पक्ष्याच्या चित्राचा. फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयातले हे फळीवरचे तैलचित्र १५०५-०६ च्या सुमाराचे असून ते १०७ सेंटिमीटर उंच आणि ७७ सेंटिमीटर रुंद आहे. दुकानात १८ बाय २४ इंच हे तयार माप चालते, शिवाय कॅनव्हास लाकडी सांगाड्यावर ताणून त्याच्या कडा बाजूंना दुमडण्याची पद्धत सध्या गिऱ्हाइकांना आवडते, तेव्हा मालकाने मला न विचारता तसेच करून टाकले. माप बसवताना उंचीतून थोडे गेले आणि दुमडताना चारी बाजूंनी दीड-दीड इंच गेले. घरी आणून वरचा कागद सोडला तेव्हा मरियेचे अनवाणी पाऊल खालच्या कडेला जवळजवळ टेकलेले दिसले आणि तिच्या डोक्यावरचे आभाळ पार आखडलेले होते.

यात काय बिघडले हे फक्त डोळ्याला जाणवते असे नाही, ते नेमकेपणाने सांगताही येते. या चित्रात मरियेचे डोके हे त्रिकोणाचे टोक आहे आणि तिच्या गुडघ्यांशी उभी असलेली दोन मुले, म्हणजे येशू आणि लहानगा बाप्तिस्मा करणारा योहान, त्याच्या दोन बाजू सांभाळतात. हा त्रिकोण स्थिर वाटतो तो त्याच्या खाली फुलांची, गवताची जमीन पसरलेली आहे म्हणून, आणि वर-बाजूला मोकळी हवा, नदी आणि बारीक झाडे आहेत म्हणून. येशूने आपले पाऊल आईच्या पावलावर ठेवले आहे. आई जमिनीवर टेकली आहे आणि मूल आईवर टेकले आहे, एवढा साधा आधाराचा क्रम तिथे आहे. खालची जमीन कापल्यावर तो क्रम तुटतो, तिघे चौकटीत दाटीने बसल्यासारखे दिसतात आणि चित्राचा कौटुंबिक फोटो होतो. योहानाच्या हातातला पक्षी मात्र मधोमध असल्यामुळे वाचला. गोल्डफिंच काटेरी झुडपांवर चरतो, म्हणून त्याचा संबंध येशूच्या काटेरी मुकुटाशी जोडला गेला, आणि त्याच्या तोंडावरचा लाल ठिपका येशूच्या रक्ताचा आहे अशी जुनी समजूत आहे. म्हणजे एक मूल दुसऱ्या मुलाला खेळायला पक्षी देत आहे आणि त्याच वेळी त्याचे मरणही हातात देत आहे. मरियेच्या हातात पुस्तक आहे, त्यावर 'ज्ञानाचे आसन' अशा अर्थाचे लॅटिन शब्द आहेत, आणि तिने वाचता वाचता नजर योहानाकडे वळवली आहे. सगळी भीती त्या एका नजरेत ठेवून राफाएलने बाकीचे चित्र शांत ठेवले आहे. जमीन आणि आभाळ काढून घेतले की ती शांतताच जाते. एका व्यापाऱ्याच्या लग्नानिमित्त केलेले हे चित्र सोळाव्या शतकाच्या मध्याला घर कोसळून ढिगाऱ्याखाली सापडले आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे जोडले गेले, आणि आपल्या काळात सुमारे दहा वर्षांच्या दुरुस्तीनंतर २००८ मध्ये ते पुन्हा प्रदर्शनात आले. एवढ्यातून वाचलेल्या चित्राची जमीन मागे दुमडून पिना मारलेल्या पाहताना मला रागापेक्षा हसूच अधिक आले, हे कबूल करते.

तक्रार घेऊन गेले तेव्हा मालक दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता आणि त्याने मला पोटमाळ्यावर पाठवले. तिथे फ्रेमचे काम करणारे चाचा वणीच्या सप्तशृंगीच्या तसबिरींचा ढीग समोर घेऊन बसले होते, कारण नवरात्र तोंडावर आले होते. मी त्यांना पावलाची गोष्ट सांगितली. त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली आणि म्हणाले, "बाई, वणीच्या देवीला अठरा हात. एक जरी हात पट्टीखाली गेला तरी गिऱ्हाईक फोटो परत आणतं. तुमच्या या आईचं काय झाकायचं नाही, तेवढं सांगा." रचनेविषयी इतके नेमके वाक्य मी वर्गात कधी बोलले नसेन. त्यानंतर आम्ही दोघांनी प्रत्येक चित्राची छोटी प्रत घेऊन तिच्यावर पेन्सिलीने खुणा केल्या, आणि पुढचे काम बहुतांशी त्या खुणांप्रमाणे झाले.

सर्वांत अधिक खुणा फिलिप्पो लिप्पीच्या चित्रावर झाल्या. साधारण १४६०-६५ चे हे टेंपेरा चित्रही, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांचे चित्र, उफीझीत आहे. मरिया एका बाजूला वळून हात जोडून बसली आहे, दोन देवदूतांनी बाळाला उचलून तिच्यासमोर धरले आहे, आणि त्यांपैकी पुढचा देवदूत मान वळवून आपल्याकडे पाहत खट्याळ हसतो. पाहणाऱ्यांना हा देवदूत इतका आवडतो की चित्राची खरी गंमत निसटून जाते. मरियेच्या मागे डोंगर, पाणी आणि शहर असलेला देखावा आहे, आणि त्या देखाव्याभोवती रंगवलेली दगडी खिडकीची चौकट आहे. मरिया, तिची खुर्ची आणि देवदूत त्या चौकटीच्या अलीकडे, म्हणजे आपल्या खोलीत आहेत. चित्रातले पवित्र जग खिडकीच्या आत ठेवायचे सोडून लिप्पीने ते खिडकीबाहेर, पाहणाऱ्याच्या अंगावर आणले आहे, आणि हा सगळा खेळ त्या अर्ध्या-पाऊण इंच रुंदीच्या रंगवलेल्या चौकटीवर अवलंबून आहे. दुकानाच्या नेहमीच्या रीतीने माउंट बोर्ड, म्हणजे फ्रेमच्या आत चित्राभोवती लावायचा जाड पुठ्ठा, चित्रावर अर्धा इंच चढवला असता तर नेमकी तीच चौकट झाकली गेली असती, आणि मरिया एका देखाव्यापुढे बसलेली साधी बाई झाली असती. चाचांनी माउंट चित्रावर न चढवता चित्राच्या बाहेर दोन सूत पांढरा कागद सोडून लावला. सहा चित्रांत हे काम सर्वांत सफाईचे आहे. मरियेच्या डोक्यावरच्या झिरझिरीत वस्त्राच्या घड्या आणि केसांतले मोती छपाईत स्वच्छ उतरले आहेत, तिचे केशाकेशाएवढे बारीक प्रभावलयसुद्धा दिसते. मोती शुचितेची खूण म्हणून येतात, पण ती केशरचना मात्र त्या काळच्या फ्लॉरेन्समधल्या श्रीमंत घरातली आहे, आणि माझ्या विद्यार्थिनींना प्रतीकापेक्षा त्या खोप्यातच अधिक रस होता.

रंगांच्या बाबतीत दुकानाची परीक्षा मसाच्चोच्या चित्राने घेतली. १४२६ मध्ये पिसा शहरातल्या कार्मेलपंथी चर्चसाठी केलेल्या मोठ्या वेदीचित्राची, म्हणजे वेदीवर उभ्या करायच्या अनेक फळ्यांच्या चित्राची, ही मधली फळी आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याच वेदीचित्राचे इतर भाग नेपल्स, बर्लिन, पिसा आणि लॉस एंजेलिस येथे विखुरलेले आहेत. सोनेरी पार्श्वभूमीवर दगडी सिंहासन, त्यावर भारदस्त मरिया, आणि तिच्या मांडीवर उघडे, गुबगुबीत, अजिबात राजस न दिसणारे बाळ, जे आईच्या हातातल्या घडातली द्राक्षे घेऊन बोटे तोंडात घालून चोखत आहे. द्राक्षांतून द्राक्षारस, द्राक्षारसातून प्रभुभोजनातले रक्त, असा त्याचा अर्थ लागतो. बाळ आपल्या पुढच्या दुःखाची चव आताच घेत आहे. निफाडकडून माझ्या वर्गाला येणाऱ्या एका मुलाला मी हे सांगण्याआधीच त्याने सुचवले की बाळाच्या चेहऱ्यावरून घड आंबट असावा. द्राक्षबागायतदाराच्या घरातल्या मुलाचे निरीक्षण आहे, मी ते खोडून काढले नाही.

या चित्राची पहिली प्रत अगदीच फसली. लग्नाच्या अल्बमसाठी या दुकानाच्या संगणकावर त्वचा उजळ आणि गुलाबी करणारी एक ठरीव योजना कायम चालू असते. ती मसाच्चोवर चालली आणि मरिया हळदीच्या दिवशीच्या नवरीसारखी दिसू लागली. त्या काळचे इटालियन चित्रकार चेहऱ्यांखाली आधी हिरव्या मातीचा थर देत आणि त्यावर गुलाबी छटा चढवत, म्हणून या चेहऱ्यांच्या सावल्या थंड, हिरवट असतात. मसाच्चोने तर प्रकाश एकाच बाजूने, डावीकडून, आणला आहे; सिंहासनाची एक बाजू उजळ आणि दुसरी अंधारी आहे, बाळाचे प्रभावलयसुद्धा त्याने चपटे ठेवलेले नाही, तिरक्या धरलेल्या थाळीसारखे लंबगोल काढले आहे. सावल्या पुसल्या की हे सगळे घनत्व पुसले जाते, आणि मसाच्चो ज्या एका गोष्टीसाठी मोठा ठरतो तीच हरवते.

निळ्याचेही तेच झाले. मरियेचा झगा ज्या निळ्याने रंगवत तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येणाऱ्या लाजवर्द दगडापासून बनत असे. समुद्रापलीकडून येणारा म्हणून त्याचे नाव अल्ट्रामरीन पडले, आणि तो इतका महाग होता की चित्र करवून घेणारा यजमान करारात त्याचा दर्जा लिहून घेई. म्हणजे मरियेच्या अंगावरचा निळा हा स्वर्गाचा रंग होताच, शिवाय तो उघड उघड दिसणारा खर्चही होता, जसा आपल्याकडे देवीला नेसवलेल्या पैठणीचा जर असतो. यंत्राने त्या खोल निळ्याचे जाहिरातफलकावरचे झगझगीत निळे केले. दुसऱ्या खेपेला मी मालकाशेजारी बसून सगळी आपोआप होणारी दुरुस्ती बंद करायला लावली, चकचकीत कागदाऐवजी मॅट सुती कागद घेतला, आणि आधी वीतभर पट्टीवर नमुना छापून घेतला. या वेळी निळा जवळजवळ बरोबर आला. मालकाचे श्रेय हे की त्याने वाद न घालता तीन नमुने छापले आणि त्यांचे पैसे लावले नाहीत.

सोने मात्र छापता येत नाही, आणि हा दोष दुकानाचा नाही. वेदीचित्रांत तांबड्या मातीच्या लेपावर सोन्याचा वर्ख बसवून तो घोटून चकाकता करत. मेणबत्तीच्या उजेडात पाहणारा हलला की तो वर्ख उजळतो आणि विझतो. समईपुढच्या देव्हाऱ्यात पितळी प्रभावळ जशी क्षणात जिवंत होते तसे ते आहे. शाईने छापलेले सोने म्हणजे मोहरीसारखा पिवळा ठोकळा. चाचांनी त्यावर सोनेरी कागद चिकटवण्याची तयारी दाखवली, पण मी नको म्हटले. शेवटी त्यांनी साध्या सागवानी पट्टीच्या आत एक बारीक सोनेरी कड घातली, आणि खिडकीतला उजेड तिच्यावर पडला की चित्रातला पिवळाही थोडा सोन्याकडे झुकतो. ही सूचना सर्वस्वी त्यांची.

बोत्तिचेल्लीच्या चित्राच्या वेळी प्रश्न आकाराचा आला. सुमारे १४८७ चे, १४३.५ सेंटिमीटर व्यासाचे हे वर्तुळाकार चित्र उफीझीत आहे. "गोल कशाला बाई, चौकोनात बसवून देतो," असे मालक म्हणाला. माता-बालकाची गोल चित्रे फ्लॉरेन्समध्ये फार लोकप्रिय होती, आणि त्या गोलाचा एक धागा बाळंतिणीला भेट म्हणून द्यायच्या रंगवलेल्या थाळ्यांपर्यंत जातो. आपल्याकडे बाळंतविडा जसा सजवून नेतात तशीच ती थाळी घरी येई आणि पुढे भिंतीवर लागे. तेव्हा आई आणि बाळ गोलात बसणे हे केवळ सजावटीसाठी नाही. बोत्तिचेल्लीने मध्ये मरिया ठेवली आहे आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन देवदूत असे दाटले आहेत की त्यांच्या झुकलेल्या माना वर्तुळाच्या वळणाने जातात, त्यामुळे कड हीच चित्राची मुख्य रेषा होते. आई आणि बाळ दोघांचे हात एका फोडलेल्या डाळिंबावर आहेत. एका सालीत राहणारे असंख्य दाणे म्हणजे एका चर्चमध्ये एकत्र आलेले लोक, तांबडा रस म्हणजे दुःखसहन, आणि फळाचा संबंध पुनरुत्थानाशीही लावतात. सटाणा-देवळ्याकडची डाळिंबे आपण रोज सोलतो, त्यामुळे साल उकलताना आत दिसणारा तो ओला लाल प्रकाश बोत्तिचेल्लीने किती बारकाईने पाहिला आहे हे आपल्याला सांगावे लागत नाही. तरीही मरियेचा चेहरा कमालीचा उदास आहे, आणि देवदूतांपैकी कोणी तिच्याशी बोलत नाही.

गोल फ्रेम करणारा कारागीर दुकानाकडे नाही. चौकोनी फ्रेममध्ये गोल खिडकी कापलेला माउंट हा मधला मार्ग आम्ही स्वीकारला, पण कापणी चाचांनी केली नाही. ते गावी गेले असताना दुसऱ्या मुलाने केली, आणि वर्तुळ चारी बाजूंनी अर्धा इंच लहान झाले. त्यामुळे वरून उतरणाऱ्या सोनेरी किरणांचा उगम आणि कडेच्या देवदूताच्या पंखाचा भाग बोर्डाखाली गेला आहे. मान्य केलेल्या खुणा समोर असताना ही चूक झाली, म्हणून ती मी अधिक गंभीर धरते.

जोवान्नी बेल्लिनीचे कुरणातल्या मरियेचे चित्र मी मूळ आकारात, म्हणजे साधारण ६७ बाय ८६ सेंटिमीटर, छापून घेतले आणि या दुकानातून मिळालेली ही सर्वांत मोलाची वस्तू आहे. १५०० ते १५०५ च्या दरम्यान केलेले हे आडवे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मरिया सिंहासन सोडून जमिनीवर बसली आहे, तिने हात जोडले आहेत, आणि तिच्या मांडीवर बाळ आडवे झोपले आहे. पहिल्या नजरेला हे दुपारच्या झोपेचे दृश्य वाटते. पण एक हात सैल पडलेले ते आडवे शरीर आणि मांडीवर त्याचा भार घेतलेली आई ही मांडणी पाहणाऱ्या त्या काळच्या माणसाला क्रुसावरून उतरवलेला येशू आईच्या मांडीवर असल्याची चित्रे आठवल्याशिवाय राहत नसत. तिचे जोडलेले हात म्हणूनच झोप मोडू नये म्हणून स्थिर आहेत की प्रार्थनेत आहेत हे सांगणे अवघड जाते. मागे निष्पर्ण झाडावर एक काळा पक्षी बसला आहे, डावीकडे एक पांढरा पक्षी सापाशी झुंजत आहे, आणि त्याच शेतात गुरे निवांत आहेत. मरियेची आकृती हा मोठा त्रिकोण आहे, पण राफाएलप्रमाणे तिच्याकडे बाकीचे सगळे जात नाही. शेत, माती, भिंती, आभाळ हे आपापल्या जागी चालू राहते. आडव्या चित्रात आडवे बाळ ठेवून बेल्लिनीने मरणाला जमिनीचीच रेषा दिली आहे, आणि मला त्याच्या कोणत्याही मोठ्या वेदीचित्रापेक्षा हे अधिक आवडते.

छपाईचा कस इथे लागतो, कारण साप आणि पक्ष्याची झुंज ही करंगळीच्या नखाएवढी जागा आहे. मी भिंग घेऊनच दुकानात गेले होते. झुंज दिसली, सापाचे वेटोळे दिसले, गुरांच्या पाठी दिसल्या. प्रकाश न परतवणारी महाग काच त्यावर धरून पाहिली तर तीच जागा धूसर झाली, म्हणून साधी काच घेतली आणि चित्र खिडकीच्या समोरच्या भिंतीऐवजी बाजूच्या भिंतीवर लावले. गिऱ्हाइकाला महाग काच विकायची संधी असताना मालकाने दोन्ही काचा धरून दाखवल्या आणि निर्णय माझ्यावर सोडला, याचे कौतुक वाटते.

आता सर्वांत लहान चित्र. राफाएलचे पिंक नावाच्या फुलांचे चित्र अवघे २७.९ बाय २२.४ सेंटिमीटर आहे, म्हणजे वहीच्या पानापेक्षा फार मोठे नाही. आईच्या मांडीवरच्या उशीवर बसलेले बाळ तिच्याकडून कार्नेशनच्या कुळातली फुले घेत आहे. या फुलाच्या ग्रीक नावाचा अर्थ देवाचे फूल असा होतो. उजवीकडे खिडकीतून दूरचा देखावा दिसतो. हे चित्र हातात धरून, एकट्याने, प्रार्थनेच्या वेळी पाहण्यासाठी केलेले आहे. मालकाचा आग्रह होता की तीन फूट करा, भिंत भरेल. भिंत भरली असती, आणि ज्या गोष्टीसाठी हातभर जवळ जावे लागते ती दारातूनच दिसली असती. मूळ आकारातच छापून घेतल्यामुळे आता मुलांना एकेक करून पुढे जावे लागते. एक गंमत अशी की १९९१ पर्यंत हे चित्र हरवलेल्या मूळ चित्राची नक्कल समजले जात असे, आणि खुद्द राफाएलचे आहे हे कळल्यावर २००४ मध्ये नॅशनल गॅलरीने ते विकत घेतले. नकलांच्या परीक्षणात एवढे सांगायला हरकत नाही.

लिओनार्दो या भिंतीवर नाही, याची काहींनी विचारणा केली. खडकांमधल्या मरियेच्या चित्राचा नमुना छापून पाहिला होता. अंधारातून हळूहळू उजेडाकडे येणाऱ्या त्याच्या सावल्या या यंत्रावर एकच काळा डाग झाल्या. त्यासाठी दुसरे यंत्र लागेल आणि कदाचित दुसरे शहर.

खर्चाचा हिशेब असा: मॅट सुती कागदावरची छपाई चौरस फुटाला ३०० रुपये दराने सुमारे ६,३०० रुपये, आणि सागवानी पट्टी, माउंट, काच मिळून ९,८०० रुपये. फसलेल्या कॅनव्हासचे निम्मे पैसे त्यांनी घेतले, ते मला पटले नाही. आठ दिवसांचा वायदा होता आणि काम २३ दिवसांनी मिळाले. नवरात्राच्या तोंडावर नाशकात फ्रेमच्या कुठल्याही दुकानात असेच होणार, तेव्हा असले काम श्रावणाआधी द्यावे. देताना माप इंचात न सांगता मूळ चित्राच्या प्रमाणात सांगावे, कॅनव्हास दुमडायला मनाई करावी, माउंट चित्रावर चढवू देऊ नये, संगणकावरची त्वचेची आणि रंगांची दुरुस्ती बंद करायला लावावी, आणि शक्य झाले तर पोटमाळ्यावर जाऊन बोलावे. छपाईसाठी मी या दुकानाला पाचपैकी साडेतीन गुण देईन, फ्रेमकामाला चाचा हजर असतील तर पाच.

गोल्डफिंचची नवी प्रत परवा मिळाली, कागदावर, २० बाय २८ इंच, एक बोटही न कापता. पाऊल, त्याखालची फुले आणि वरचे आभाळ जागच्या जागी आहे. फ्रेमच्या मागच्या तपकिरी कागदावर चाचांनी पेन्सिलीने स्वतःसाठी केलेली नोंद तशीच राहिली आहे: "खाली जमीन सोडणे." बोत्तिचेल्लीच्या देवदूताचा पंख मात्र अजून माउंटखालीच आहे, आणि दिवाळीनंतर या असे सांगितले आहे.